अकरा नंबरचे पत्रक

बाजारपेठेत त्यांना काटेसाहेब म्हणत. ते त्यांचे आडनाव नव्हते. पण वजनमापे खात्याचा निरीक्षक म्हणून एकोणतीस वर्षे दुकानादुकानांतले काटे तपासल्यावर माणसाचे खरे आडनाव कार्यालयाच्या हजेरीपुस्तकापुरतेच उरते. पितळी वजनांची लाकडी पेटी हातात घेऊन ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की दुकानांतून फडकी फिरू लागत, तराजूंच्या ताटल्या चकचकीत होत आणि एरवी गिऱ्हाइकाकडे मान वर करून न पाहणारा दुकानदारही "या साहेब, चहा सांगतो" म्हणू लागे. चहा ते घेत नसत. चहा पाजणाऱ्याचा काटा आधी बघावा, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम त्याहून कडक होता: जो काटा दहाच्या दहा वेळा बरोबर निघतो, त्याच्याकडे अकराव्यांदा बघावे.

हे नियम ते घरी येताना चपलांसारखे बाहेर काढून ठेवत असते तर बरे झाले असते. दूधवाल्याचे माप, दाराची कडी, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा, सगळ्यांवर त्यांची नजर असे. बायको शाळेत भूगोल शिकवायची. ती एकदा म्हणाली, "अहो, लग्न ठरवताना मला किती वेळा तोलून पाहिलं होतंत?"

"एकदाच," ते म्हणाले. "पण काटा तुमच्या घरचा होता. अजून शंका आहे."

आठवड्यात एकच वेळ अशी होती की तिथे त्यांचा संशय फिरकत नसे: रविवारची सकाळ. त्या दिवशी त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, येई. तो दातांच्या कवळ्या बनवणारा कारागीर होता. नखांत कायम प्लॅस्टरची पांढरी भुकटी, आणि समोरचा माणूस बोलू लागला की डोळे आपोआप त्याच्या दातांकडे. दोघे जेवणाच्या टेबलावर हिरवे कापड अंथरत आणि उंटाचे आयुष्य पुढे खेळत.

उंट हा बास्केटबॉलचा खेळाडू. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शहराच्या लीगमध्ये तो बस आगाराच्या संघाकडून खेळत असे. मान लांब, चाल संथ, आणि बास्केटखाली उडी घेतली की सगळ्यांच्या वर एक हात उरायचा, म्हणून उंट. पाठीवर अकरा नंबर. काटेसाहेब तेव्हा खात्यात नवे, अक्षर चांगले, म्हणून लीगवाल्यांनी त्यांना गुणलेखक करून टेबलापाशी बसवले होते. प्रत्येक सामन्यानंतर उंट घाम पुसत त्या टेबलावर ओणवा होई आणि विचारी, "साहेब, किती?" त्या दिवसांत काटेसाहेबांना साहेब म्हणणारा तो जगातला एकमेव माणूस होता. ते वहीत बोट ठेवून आकडा सांगत. उंट "बरं" म्हणे आणि निघून जाई. सहा हंगामांत त्यांच्यात याहून जास्त बोलणे झाले नाही, आणि जास्त बोलावे असे दोघांपैकी कोणाला वाटलेही नाही.

सहाव्या हंगामात, टपाल खात्याच्या संघाशी उपांत्य सामना चालू असताना, उंट उडी मारून खाली आला तो गुडघ्यावर. काटेसाहेबांनी वहीत 'क्रमांक ११ बाहेर' असे लिहिले. पुन्हा आत आल्यावर 'आत' लिहायचे असते. ते लिहायची वेळ आली नाही. उंट पुढे दुसऱ्या शहरात गेला, कुठल्याशा गोदामात लागला असे कानावर आले. आगाराच्या संघाने चषक कधीच जिंकला नाही.

गुडघा टिकला असता तर? हा प्रश्न काटेसाहेबांनी तेवीस वर्षे सांभाळला. मेहुण्याचे उत्तर तयार असे: "भाऊजी, तुमचा उंट तिशीतच बसला असता. एवढी उंची म्हणजे गुडघ्यांवर अत्याचार." एका रविवारी हा वाद जेवणाच्या पानावरून उठून हात धुवेपर्यंत चालला, तेव्हा बायकोच म्हणाली, "तो खोक्यातला खेळ आहे ना माळ्यावर? त्यात लावा निकाल, आणि मला ताटं उचलू द्या."

खोक्यातला खेळ साधा होता. प्रत्येक खेळाडूचे एक पत्रक. दोन फासे टाकायचे; कोणते ठिपके पडले ते पत्रकात पाहायचे; तिथे 'बास्केट' असेल तर बास्केट, 'चुकले' असेल तर चुकले. खेळाडू खऱ्या मैदानावर जितका पक्का, तितके त्याच्या पत्रकात बास्केट जास्त. आणि प्रत्येक पत्रकात दोन एक्क्यांसमोर एकच शब्द: 'दुखापत'. ती आली की एक फासा पुन्हा टाकायचा. जितके ठिपके तितके सामने बाहेर. सहा पडले तर त्या खेळाडूचा हंगाम संपला.

काटेसाहेबांनी जुन्या गुणवह्या काढल्या आणि लीगमधल्या सगळ्या खेळाडूंची पत्रके स्वतःच्या हाताने बनवली. त्याला दोन महिने लागले. खोक्यातले फासे हरवले होते, ते मेहुण्याने कवळीच्या साहित्यातून घडवून आणले: दातांसारखे पांढरे, आणि ठिपके हिरड्यांच्या गुलाबी रंगाचे. "हसू नका," तो म्हणाला, "बत्तीस माणसं यांनीच जेवतायत." नियम काटेसाहेबांनी आपल्या कामातून घेतला: टाकणारा वेगळा, वाचणारा वेगळा. दुकानदार तोलतो, निरीक्षक वाचतो. फाशांवरचे ठिपकेही वाचणाऱ्यानेच बघायचे; टाकणाऱ्याने नजर वर ठेवून नुसता निकाल ऐकायचा. त्यामुळे आगाराचे फासे काटेसाहेब टाकत आणि पत्रक मेहुणा वाची. समोरच्या संघाचे उलट.

उंटाचा सातवा हंगाम खेळून झाला. आठवा झाला. नववाही संपत आला, सव्वा वर्ष गेले, आणि आगाराचा संघ चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. समोर टपाल खाते. तेवीस वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर एका रविवारवर आले होते.

त्या आठवड्यात काटेसाहेबांनी सहज म्हणून तीन हंगामांची बेरीज मांडली. आणि त्यांचे पेन थांबले.

खऱ्या आयुष्यात उंटाची सरासरी चोवीस गुणांच्या वर कधी गेली नव्हती. इथे ती एकतीस होती. तेही एक वेळ सोडून देता आले असते. पण त्रेपन्न सामन्यांत इतर खेळाडूंना मिळून एकोणीस वेळा दुखापत झाली होती, आणि उंटाला एकदाही नाही. सगळ्यात जास्त फासे ज्याच्या नावाने पडले, त्याच्या अंगाला ओरखडा नाही. दहाच्या दहा वेळा बरोबर.

कोणीतरी काटा मारत होते.

कोण, हे शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. फासे मेहुण्याने बनवलेले. त्याच्याकडे केसाएवढ्या जाडीचे ड्रिल. फाशाच्या पोटात शिशाचा कण घालून वरून पॉलिश केले तर ब्रह्मदेवालाही कळणार नाही. कशासाठी? म्हाताऱ्या होत चाललेल्या भाऊजींना खूश ठेवायला. या विचाराने काटेसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फसवणारा शत्रू असला तर त्याला खटल्यात ओढता येते. कीव करून फसवणाऱ्याचे काय करायचे?

दुसऱ्या दिवशी फासे कार्यालयात गेले आणि काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर तोलले गेले. दोन्ही सारखे. घरी येऊन त्यांनी भांड्यात पाणी घेतले. मिठाच्या पाण्यात फासा तरंगवून टिचकीने फिरवायचा. पोटात शिसे असेल तर दर वेळी तेच तोंड वर येते. पण कवळीचा माल जड, फासा तळाशीच बसून राही. मुठीमागून मूठ मीठ पडू लागले.

"अहो, डबा रिकामा केलात!" बायको दारात उभी होती. "समुद्र करताय का?"

"तरंगत नाहीये."

"समुद्रात लिटरला पस्तीस ग्राम असतं. तुम्ही केव्हाच पलीकडे गेलात. हा मृत समुद्र झाला." मग तिने पाण्यातला फासा पाहिला आणि तिचा आवाज बदलला. "हे माझ्या भावाचे फासे ना? त्याच्यावर संशय?"

"मी कोणाचं नाव घेतलं?"

"घ्यायला कशाला हवं. घरात तीन माणसं. एक तुम्ही, आणि मला तर फाऊल म्हणजे काय तेही अजून कळलेलं नाही."

फासा अखेर तरंगला. चाळीस वेळा फिरवला. सहाही तोंडे आलटून पालटून वर आली. फासे निर्दोष होते. दुसऱ्या कोणाला हायसे वाटले असते. काटेसाहेबांची झोप उडाली, कारण फासे खरे असतील तर खोट वाचणाऱ्यात होती.

रविवारी मेहुणा हसतच आला. "काय भाऊजी, आज चषक की काय? मी रुमाल आणलाय. तुम्ही रडलात तर तुम्हाला, मी रडलो तर मला."

काटेसाहेब हसले नाहीत. कापड अंथरले गेले. पहिला फासा टाकण्याआधी त्यांनी हात पुढे केला. "आज आगाराची पत्रकं मी वाचतो. उंटाचं दे इकडे."

मेहुण्याने उंटाचे पत्रक उचललेले होते. ते त्याने कापडावर पालथे घातले आणि वर तळहात ठेवला. "नको भाऊजी."

"का?"

"नियम तुमचाच आहे. टाकणारा वेगळा, वाचणारा वेगळा."

"नियम माझा आहे म्हणूनच मी बदलतोय. दे."

"आज नको. आजचा सामना होऊ दे, मग काय हवं ते वाचा."

एकोणतीस वर्षांत असे तळहात काटेसाहेबांनी पुष्कळ पाहिले होते. ताटलीखाली चिकटवलेल्या मेणाच्या गोळीवर असाच हात असतो. "सव्वा वर्ष तू खोटं वाचत आलास," ते शांतपणे म्हणाले.

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू उतरले. त्याने हात उचलला, पत्रक तसेच पालथे ठेवले आणि उभा राहिला. "ताई, चहा राहू दे," एवढेच स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाला, आणि रुमाल तिथेच विसरून गेला.

आता कोणीही साधा माणूस ते पत्रक उलटून बघेल. काटेसाहेबांनी बघितले नाही. जप्त केलेला माल दोन्ही पक्षांसमोरच उघडायचा असतो. एकट्याने उघडला तर पुरावा बाद. त्यांनी पालथे पत्रक तसेच सरकवून खोक्यात घातले, खोक्याला तार गुंडाळली, तारेच्या टोकाला शिशाचे सील ठोकले आणि खोके कपाटावर ठेवले. बायकोने हे सगळे पाहिले.

"माझ्या भावाला आरोपी केलंत?"

"तो आला की उघडू."

"तो कशाला येईल? साक्ष द्यायला?"

तो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. हिरवे कापड घडी घातलेलेच राहिले. बायको बोले, पण तेवढ्यास तेवढे: मीठ आणा, दिवा बंद करा. कपाटावरचे खोके रोज दिसे. काटेसाहेब रोज सील तपासत. ते शाबूत असे, आणि त्यामुळे त्यांना काडीचे समाधान मिळत नसे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांची स्वतःची वजने तपासायची तारीख आली. बाजारातले काटे निरीक्षक तपासतो. निरीक्षकाची वजने दर सहा महिन्यांनी प्रमाण प्रयोगशाळा तपासते. तिथल्या बाई हातमोजे घालून, चिमट्याने एकेक वजन उचलून काचेआड ठेवत. काटेसाहेब बाकावर बसून पुढच्या आठवड्याच्या गल्ल्यांची यादी करत होते.

"काटेसाहेब, दोनशे ग्रामचं हलकं निघालं."

"माझं?" ते उठलेच. "पुन्हा बघा."

"तीनदा बघितलं. फार नाही, पण मर्यादेबाहेर आहे." बाईंनी चिमट्यातले वजन उजेडात फिरवले. ते आरशासारखे चमकत होते. "रोज पुसता का हो हे?"

"रोज. माझ्या हाताने."

"कशाने?"

"पॉलिश लावून, फडक्याने."

"मग झिजणारच. इतरांची वजनं काळी पडतात, तुमचं सोन्यासारखं आहे. इतकी माया बरी नव्हे." त्यांनी नोंद केली. "म्हणजे बाजारात एवढ्यात तुम्ही ज्यांना पकडलंत, त्यांतला एखादा बिचारा बरोबरही असेल."

त्या हे गमतीने म्हणाल्या. काटेसाहेब घरी आले ते बसने न येता पायी. चप्पल न काढता त्यांनी कपाटावरचे खोके उतरवले, काखेत मारले आणि तसेच बाहेर पडले. खात्याचा अगदी पहिला धडा, नवख्यालाही पाठ असणारा: दुसऱ्याचा काटा तपासण्याआधी आपले वजन तपासावे. उंटाचे पत्रक सोडून जगातली प्रत्येक गोष्ट त्यांनी तपासली होती.

मेहुण्याच्या कामाच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावलेले प्लॅस्टरचे जबडे. चाळीसएक जबडे त्यांच्याकडे बघून हसले. मेहुणा मान खाली घालून एका कवळीचा सुळा घासत होता.

"पंच म्हणून हे चालतील का?" काटेसाहेबांनी जबड्यांकडे बोट केले.

मेहुण्याने वर पाहिले. तारेने बांधलेले खोके पाहिले. हसू येऊ नये म्हणून त्याने ओठ आवळले. "सगळे गप्प बसणारे आहेत. चालतील."

"सील शाबूत आहे, बघून घे."

"भाऊजी, उघडा आता."

काटेसाहेबांनी सील तोडले आणि पत्रक सरळ केले. अक्षर त्यांचेच, वळणदार. दोन एक्क्यांसमोर, जिथे लीगच्या प्रत्येक खेळाडूला 'दुखापत' लिहिली होती, तिथे त्यांच्या स्वच्छ अक्षरात लिहिले होते: 'फाऊल'.

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग बाकीचे आकडे पाहिले. खऱ्या गुणांवरून पत्रकातल्या बास्केटांची संख्या काढताना जिथे जिथे हिशेब अर्ध्यावर अडला होता, तिथे उंटाचा अर्धा वर ढकललेला होता, आणि टपाल खात्याच्या प्रत्येकाचा खाली. एकही चुकून उलटा नव्हता. ते पत्रक लिहिल्याची दुपार त्यांना आठवली: उपांत्य सामन्याची वही उघडी, तिच्यात 'क्रमांक ११ बाहेर' आणि त्यापुढे कोरी जागा. तोच शब्द पुन्हा लिहायला हात निघाला नव्हता, एवढे आठवले. दुसरा शब्द कधी लिहिला ते आठवेना.

"तुला केव्हा कळलं?"

"पहिल्याच रविवारी. दोन एक्के पडले, वाचायला गेलो तर फाऊल. वाटलं, चुकून झालं. इतरांची पत्रकं बघितली, सगळीकडे दुखापत. मग तुमच्या तोंडाकडे बघितलं."

"आणि?"

"आणि 'फाऊल' म्हणालो. जे लिहिलं होतं तेच वाचलं, भाऊजी. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही."

"सांगायचं होतंस."

"कोणाला? तुम्ही उभ्या बाजाराच्या चुका काढता. तुमची काढायची माझी काय टाप?" त्याने सुळा फुंकला. "आणि खरं सांगू? माझा रविवार गेला असता."

काटेसाहेबांनी पत्रक पुन्हा खोक्यात ठेवले आणि तुटलेल्या सीलची तार नीट गुंडाळली. क्षमा मागण्याची त्यांना सवय नव्हती. खात्यात तसा अर्जाचा नमुनाच नव्हता. शेवटी त्यांनी खिशातून घडी घातलेला, धुऊन इस्त्री केलेला रुमाल काढून कामाच्या टेबलावर ठेवला. "तुझा राहिला होता."

"मी म्हटलं, हाही जप्त केलात."

त्या रविवारी काटेसाहेबांनी तीन हंगामांच्या वहीवर, नाकारलेल्या वजनावर मारतात तशी, तिरपी फुली मारली. बायको कळवळली. "अहो, एकच सामना उरला होता. चषक तरी घ्यायचा होता."

"चुकीच्या काट्यावर तोललेला?"

"त्याला कुठे कळणार होतं?"

"मला कळलं असतं."

उंटाचे नवे पत्रक मेहुण्याने बनवायचे ठरले. अर्धे आले की नाणे उडवायचे. "नाणं कोण तपासणार?" मेहुण्याने विचारले. बायको आतून ओरडली, "मीठ मिळणार नाही!"

सातवा हंगाम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. चौथ्याच सामन्यात काटेसाहेबांच्या हातून फासे सुटले आणि हिरव्या कापडावर दोन गुलाबी ठिपके शेजारी शेजारी उभे राहिले. मेहुण्याने पत्रकात पाहिले. पाहायची गरज नव्हती. अक्षर त्याचेच होते.

"दुखापत," तो म्हणाला.

काटेसाहेबांनी एक फासा उचलला. सहा पडले तर हंगाम संपला. त्यांनी तो मुठीत इतका वेळ धरला की मेहुण्याला म्हणावे लागले, "भाऊजी, गरम होऊन वितळेल. कवळीचा माल आहे." फासा पडला, कडेवर फिरला आणि बसला.

"तीन," मेहुणा म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"तुम्ही वाचा. आज वाचा."

तीन होते. काटेसाहेबांनी वहीत लिहिले: 'क्रमांक ११ बाहेर'. पुढचे तीन रविवार उंट बाकावर होता. आगाराने दोन सामने गमावले आणि एक, कसा कोण जाणे, जिंकला. चौथ्या रविवारी कापड अंथरल्यावर मेहुण्याने फासे मांडले, पण काटेसाहेबांनी ते उचलले नाहीत. त्यांनी आधी वही ओढली, पेनाची शाई तपासली, आणि तेवीस वर्षांपूर्वी लिहायचा राहिलेला शब्द सावकाश, वळणदार अक्षरात लिहिला: 'क्रमांक ११ आत'.

मग फासे हातात घेतले, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी निरखले, आणि टाकले.